पाचगणीची पाच पोरे

यंदाच्या आषाढात आमच्या कोपरीत एक बँड मोडला. ही बातमी कुठल्या वर्तमानपत्रात आली नाही, आणि येण्याचे काही कारणही नव्हते. बँड होता माझ्या भाच्याचा आणि त्याच्या चार मित्रांचा. इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, संध्याकाळी सातपासून नऊपर्यंत तो वाजे. नऊ वाजले की खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकीत वर येत आणि काही न बोलता जिन्याच्या दारात उभे राहत. दोन वर्षे हा क्रम चालला. मग बारावी झाली. एक पुण्याला गेला, एक बंगलोरला गेला, एकाच्या वडिलांची बदली झाली, आणि ज्याच्या घरी ड्रम होता त्याच्या आईने तो गणपतीच्या मंडळाला देऊन टाकला. भाच्याची पेटी (पेटी म्हणजे विजेवर वाजणारी, पण आमच्या घरात तिला पेटीच म्हणतात) चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली.

"तू एवढं लिहितोस," ताई मला म्हणाली, "त्याला चार शब्द सांग की. दोन वर्षं फुकट गेली, असं मी एकदा बोलून गेले, तर पंधरा दिवस धड बोलत नाही माझ्याशी."

चार शब्द सांगणे हा माझा प्रांत नव्हे. सांगायला गेलो तर चाराचे चारशे होतात, आणि ऐकणारा पहिल्या दहांतच उठून जातो. पण गोष्ट सांगता येते. आपल्याच महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यात, पाच शाळकरी पोरांनी एक बँड काढला होता. तो चार-एक वर्षे चालला आणि मोडला. त्याची हकीकत मी तुकड्यातुकड्यांनी कधीपासून वाचीत आलो होतो. ती नीट जुळवावी म्हणून एका शनिवारी एस. टी. पकडली आणि पाचगणी गाठली.

वाई सोडली की पसरणीचा घाट लागतो. गाडी वळणे घेत वर चढते, कृष्णेचे खोरे खाली खाली जाते, आणि कानात दडे बसू लागतात. आज त्या खोऱ्यात धोम धरणाचे पाणी चकाकताना दिसते. ज्या पोरांची ही गोष्ट आहे त्यांच्या वेळी ते नव्हते, नुसती नदी होती. माथ्यावर सिल्व्हर ओकची उंच उंच झाडे. पाचगणी वसवली ती १८६० नंतरच्या वर्षांत जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने, आणि ही झाडेही त्यानेच आणली असे सांगतात. महाबळेश्वर पावसात राहण्याजोगे नसते, म्हणून पावसातही राहता येईल असे ठिकाण साहेबाला हवे होते. कोरडी हवा म्हणून पुढे येथे क्षयाचे रुग्ण आले; डॉक्टर बिलिमोरियांनी १९१२ साली बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. आणि हवा चांगली म्हणून शाळाही आल्या. मुलींसाठी किमिन्स, मुलांसाठी सेंट पीटर्स. सेंट पीटर्सची स्थापना १९०४ सालची. आरंभी ती गोऱ्या मुलांची शाळा होती. स्वातंत्र्यानंतर पारशी, अँग्लो-इंडियन, इराणी, नेपाळी, आफ्रिकेत स्थायिक झालेल्या हिंदी व्यापाऱ्यांची आणि नोकरदारांची, अशी सगळ्या दिशांची मुले तिथे येऊ लागली. ज्यांचे घर लांब त्यांची ही शाळा.

सर्वांत लांबचे घर असणाऱ्यांत एक होता फारोख बलसारा. मूळचे हे कुटुंब गुजरातमधल्या बलसाडचे, म्हणून बलसारा. वडील बोमी हे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, झांझिबारच्या हायकोर्टात खजिनदार. फारोखचा जन्म तिथलाच, ५ सप्टेंबर १९४६ चा. घरी नोकरचाकर, समोर समुद्र, लवंगांचा वास. हे सगळे सोडून १९५५ साली आठ वर्षांच्या पोराला बोटीत बसवून मुंबईला धाडले, आणि मुंबईहून पुणे, वाई करीत तो या घाटाने वर आला. आठ वर्षे म्हणजे काय वय असते, हे ज्यांच्या घरात मूल आहे त्यांना सांगायला नको. आईबापांनी निर्दयपणे पाठवले असे मुळीच नव्हे. झांझिबारमध्ये चांगली शाळा नव्हती, आणि आपल्या मुलाने इंग्रजी शाळेत शिकावे ही त्या काळच्या परदेशस्थ हिंदी माणसाची मोठी आस होती. तरीपण मध्ये अख्खा समुद्र होता. लहान सुट्ट्यांना तो घरी जाऊच शकत नसे. मुंबईला नातलगांकडे राही.

वसतिगृहातल्या मुलांना दया नसते. फारोखला वरच्या जबड्यात चार दात जास्त होते, त्यामुळे समोरचे दात पुढे आलेले. मुलांनी त्याला "बकी" म्हणायला सुरुवात केली. हसताना तो तोंडावर हात धरी, ही सवय त्याला जन्मभर राहिली. पोरांनी दुसरेही एक नाव दिले, आणि ते मात्र त्याला आवडले असावे, कारण घरच्यांनीही पुढे तेच उचलले : फ्रेडी.

तो खेळात मागे नव्हता. टेबल-टेनिसमध्ये शाळेचा विजेता होता, मुष्टियुद्धही खेळे. आईला ते समजताच तिने झांझिबारहून विरोध कळवला! १९५८ साली त्याला कनिष्ठ गटातला अष्टपैलू विद्यार्थी म्हणून चषक मिळाला. पण त्याचा खरा जीव होता पियानोत. शाळेच्या मुख्याध्यापकांनी ते हेरले आणि आईवडिलांना लिहिले की, थोडी जास्त फी भरलीत तर याला पियानोची रीतसर शिकवणी देता येईल. आईवडिलांनी होकार कळवला. मला या गोष्टीतले सर्वांत मोठे पत्र हेच वाटते. तेवढे पत्र कुणी लिहिले नसते तर? पण इतिहासात "तर" घालू नये असे म्हणतात. असो. पोराने चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही. आणि परीक्षेत नसलेली एक विद्याही त्याच्या अंगी होती. रेडिओवर एखादे गाणे एकदा ऐकले की तो पियानोपाशी जाऊन ते जसेच्या तसे वाजवी. बरोबरच्या मुलांनी पुढे म्हातारपणीसुद्धा ही आठवण सांगितली आहे.

आता हा रेडिओ कुठला? इथे आपल्याला क्षणभर दिल्लीला जायला हवे. १९५२ साली केंद्रात नभोवाणीमंत्री झाले ते आपले बा. वि. केसकर, शास्त्रीय संगीताचे कडवे अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. परिणाम एवढाच झाला की सगळ्या देशाने काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. अमीन सायानींची बिनाका गीतमाला त्याच वर्षीची. आणि सिलोनवर नुसती हिंदी गाणीच नसत. इंग्रजी गाण्यांचेही स्वतंत्र कार्यक्रम असत. एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड हे लोक पाचगणीच्या डोंगरावर आले ते कोलंबोच्या वाटेने. मराठी मंत्र्याने शास्त्रीय संगीताच्या भक्तीपोटी जे दार बंद केले, त्याच्या शेजारच्या खिडकीतून हे आले, ही मोठी गंमतच म्हणायची.

आणि हे संगीत फक्त इंग्रजी शाळांतच शिरले असे समजू नका. १९५७ साली "आशा" चित्रपटात आपल्या सी. रामचंद्रांनी, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, "ईना मीना डीका"ला जी चाल लावली, ती याच वाऱ्याची. किशोरकुमार आणि आशाबाई दोघांनीही ते वेगवेगळे गायिले. माजघरात बसून आपल्या आज्यांनी ते ऐकले आणि "काय हा धांगडधिंगा" असे म्हणत पायाने ठेकाही धरला. रॉक अँड रोल हे नाव माहीत नसले म्हणून काय झाले!

तिकडे खुद्द इंग्लंडात पोरे वेगळ्याच खुळात होती. १९५६ च्या सुमारास लॉनी डोनेगन नावाच्या गायकाने स्किफल या गाण्याच्या प्रकाराचे वेड लावले. स्किफलला वाद्ये विकत घ्यावी लागत नसत. एक गिटार कुठूनतरी मिळवायची, आईची कपडे धुण्याची पन्हाळीदार पाटी घेऊन तिच्यावर अंगुस्ताने ओढायची, आणि चहाचे रिकामे लाकडी खोके पालथे घालून त्याला काठी आणि दोरी बांधायची. दोरी ताणून छेडली की खोके घुमते. झाला खर्जाचा तंतू. चहा आपल्याकडून जायचा, खोकी तिकडे वाजायची! लिव्हरपूलच्या जॉन लेननचा पहिला बँड असाच, खोके घेतलेला. इंग्लंडात त्या एक-दोन वर्षांत असे किती बँड निघाले आणि किती सहा महिन्यांत मोडले, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

तर १९५८ साली सेंट पीटर्समध्ये पाच पोरांनी एकत्र येऊन बँड काढला. नाव ठेवले "द हेक्टिक्स". आपल्या भाषेत सांगायचे तर "धांदलवाले". ब्रूस मरे गायला. डेरिक ब्रँच गिटारवर. फरंग इराणी खर्जाला, आणि त्याचे वाद्य म्हणजे तेच, चहाचे खोके. व्हिक्टरी राणा हा नेपाळचा मुलगा ड्रमवर. आणि पियानोवर फारोख, वय वर्षे बारा. पियानो शाळेचा, त्यामुळे त्याला कुणी माळ्यावर टाकू शकत नव्हते.

मुद्दाम सांगण्याजोगी गोष्ट ही की फारोख मुख्य गायक नव्हता. पुढे उभा राहून गायचा तो ब्रूस. फारोख मागे, पियानोच्या आडोशाला, मधूनमधून सूर मिळवणारा. त्याच्या वर्गमित्रांनी तो लाजाळू होता असेच सांगितले आहे. पण पियानोवर बसला की हाच पोरगा वेगळा होई, सगळे अंग घेऊन वाजवी. शाळेच्या समारंभांत हे पाचजण पांढरे सदरे, गळ्यात टाय आणि केस चापून बसवून उभे राहत. किमिन्सच्या मुली येत, अगदी पुढे उभ्या राहून किंचाळत. परदेशातल्या बँडपुढे मुली किंचाळतात हे त्यांनी कुठूनतरी वाचले-ऐकले असणार, आणि आपणही तसेच करायचे असते असे त्यांनी ठरवले असणार. तेराचौदाव्या वर्षी निम्मे आयुष्य असेच ऐकीव असते. म्हणून ते खोटे असते असे मात्र नाही.

ते वाजवीत ती गाणी त्यांची स्वतःची नव्हती; क्लिफ रिचर्डची, लिटल रिचर्डची. त्यातला क्लिफ रिचर्ड कोण? हॅरी वेब नावाचा, लखनौला १९४० साली जन्मलेला मुलगा. स्वातंत्र्यानंतर आईबापांबरोबर विलायतेला गेला, आणि १९५८ साली पहिल्याच तबकडीने तिकडे गाजला. म्हणजे लखनौचा मुलगा लंडनला जाऊन गातो, ते कोलंबोवरून वाजते, आणि झांझिबारचा मुलगा पाचगणीला ते पियानोवर उतरवतो. जगाचा हा फेरा कुणी आखून दिलेला नव्हता.

याच घाटात त्या दिवसांत आणखी एक आवाज घुमत होता. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करायला पंडित नेहरू आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीचे हजारो लोक काळी निशाणे घेऊन वाईला आणि पसरणीच्या घाटात उभे होते. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे, या घोषणेने डोंगर दुमदुमले. शाळेपासून हे अंतर ते किती! आपल्या पाच पोरांच्या कानांवर त्यातले काय पडले असेल? त्यांच्या आठवणींत त्याचा उल्लेख मला तरी आढळला नाही. १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा हेक्टिक्स भरात होता. एकाच डोंगरावर दोन इतिहास चाललेले असतात आणि एकाची दुसऱ्याशी ओळखही नसते. मी घाटात गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहत होतो तेव्हा हेच मनात घोळत होते, आणि दोन्हींपैकी माझा कोणता, हे काही मला ठरवता येईना.

१९६२ च्या सुमारास शाळेचे दिवस संपले आणि बँड मोडला. भांडण झाले नाही, कुणी कुणाला दगा दिला नाही. शाळा सुटली, एवढेच. मुलांनी आपापल्या ट्रंका बांधल्या. त्यांच्या वाजवण्याची एकही तबकडी निघाली नाही, एकही फीत झाली नाही. काही छायाचित्रे आहेत. त्यांत आवाज नाही. हेक्टिक्स कसा वाजे हे सांगू शकतील अशी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही पिकलेली.

पाचांचे पुढे काय झाले? खोके वाजवणारा फरंग आणि गाणारा ब्रूस यांनी आपापले संसार केले. बँडच्या आठवणी ब्रूसने पुढे पुष्कळांना सांगितल्या. ड्रम बडवणारा व्हिक्टरी राणा नेपाळच्या लष्करात चढत चढत सेनापतींच्या पंक्तीला गेला, आणि १९९९ साली सायप्रस बेटावर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे आधिपत्य त्याच्याकडे आले. लहानपणी एवढा आवाज केलेल्या माणसाला दोन बाजूंना शांत ठेवण्याचे काम मिळावे! गिटारवाला डेरिक ब्रँच इंग्लंडात नट झाला. तिकडच्या दूरचित्रवाणीवर १९७९ पासून दोन-तीन वर्षे रुग्णालयातल्या गमतींची एक मालिका चालू होती, तिच्यात तो परिचारकाचे काम करी. पात्राचे नाव काय असावे? गुप्ते! लेखकाने ते नाव कुठून उचलले कोण जाणे. पाचगणीला शिकलेल्या मुलाच्या वाट्याला विलायतेत मराठी आडनाव आले, याचे मला उगीचच बरे वाटले.

आणि फारोख. १९६३ साली तो झांझिबारला आईबापांकडे परतला. आठ वर्षांनी पोरगा घरी आला, आणि वर्षभरात घरच उठले. १२ जानेवारी १९६४ रोजी तिथे उठाव झाला, सुलतान पळाला, रस्त्यांवर कत्तली झाल्या. बलसारा मंडळी हाताला लागेल ते घेऊन इंग्लंडला निघाली आणि लंडनजवळ फेल्टमला, विमानांच्या वाटेखाली, एका लहानशा घरात राहिली. मुलाने ईलिंगच्या कलाशाळेतून १९६९ साली ग्राफिक कलेची पदविका घेतली. या बँडमध्ये, त्या बँडमध्ये अशी उमेदवारी केली. तेही बँड काही महिन्यांतच मोडले. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर या दोघांबरोबर जो बँड काढला त्याचे नाव त्यानेच "क्वीन" ठेवले, आणि स्वतःचे आडनाव बदलून मर्क्युरी केले. पुढचे सगळ्या जगाला ठाऊक आहे. "बोहेमियन ऱ्हाप्सडी" हे १९७५ सालचे गाणे विलायतेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. १३ जुलै १९८५ रोजी वेंब्लीच्या मैदानात बहात्तर हजार माणसे त्याच्या एका हाताच्या इशाऱ्याबरोबर टाळी देत होती. पियानोमागे लपणारा बकी तो हाच.

पण त्या वैभवात त्याने पाचगणीचे नाव क्वचितच घेतले. मुलाखतीत कुणी लहानपणाचे विचारले की दोन वाक्यांत आटोपी. क्वीन जगभर फिरला, पण हिंदुस्थानात त्याने कधी कार्यक्रम केला नाही. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्सने तो गेला. आजार असल्याचे त्याने आदल्याच दिवशी जाहीर केले होते. अंत्यविधी पारशी दस्तुरांनी केला. आयुष्याच्या दोन्ही टोकांना तीच प्रार्थना. त्याच्यावर २०१८ साली निघालेला मोठा चित्रपट आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात पाचगणी दिसत नाही. पाहताना मला राग आला होता. आता वाटते, ज्याने स्वतःच ती झाकून ठेवली, तिची तक्रार दुसऱ्याकडे काय करायची? झाकण्याची कारणे पुष्कळ असतील. दुखलेल्या जागेला माणूस हात लावू देत नाही, आणि फार जपलेल्या जागेलाही लावू देत नाही. त्याच्या बाबतीत कोणते खरे, हे मी ठरवणार नाही. पंचवीस-तीस खाटांच्या ओळीत झोपणाऱ्या मुलाला संध्याकाळी चार जण "चल, वाजवू या" म्हणून हाक मारीत, एवढे मात्र मला दिसते.

हे सगळे मी भाच्याला दसऱ्याच्या दिवशी सांगितले. आपट्याची पाने देऊन झाली होती, आणि आम्ही दोघे गच्चीवर टाकीशी बसलो होतो. खाली खाडीकडून वारा येत होता आणि स्टेशनात गाडी शिटी देत होती. त्याने सगळे मुकाट्याने ऐकले. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला,

"त्यांचं एकही रेकॉर्डिंग नाही, मामा?"

"एकही नाही."

त्याने खिशातून फोन काढला, बोटाने काहीतरी शोधले आणि लावले. गच्चीवरचाच आवाज होता. ड्रम पुढे पळत होता, गाणारा पोरगा एके ठिकाणी चुकून हसला होता, आणि त्या सगळ्याच्या मागे, अगदी बारीक, पेटी चालली होती. शेवटी काठीचा आवाज आला आणि गाणे थांबले.

"मी मागे असतो यात," तो म्हणाला. "नीट ऐकूच येत नाही."

"पुन्हा लाव," मी म्हणालो.